कुवर

नाव त्याचं कुओ. दुसऱ्याच दिवशी
पोरांनी त्याचा कुवर केला.
म्हणे, साक्रीकडचाच आहे, बोली फक्त लांबची.
त्यानेही टोपीवर मार्करने तसंच लिहून घेतलं,
उकार उलटा.

जळगाव एमआयडीसी, मे महिना, पत्र्याखाली सत्तेचाळीस.
ठिबकची नळी ओढणारं मशीन
त्याच्या बेटावरून आलं सात पेट्यांत.
आठवी पेटी, कंट्रोलची, तिकडेच बंदरात होती.

लॉजवर तडवीने रजिस्टर उघडलं.
देश?
छापील यादीत ते नाव नव्हतं.
शेजाऱ्याचं होतं, ठळक.
"ह्याच्यातच टाकून देतो, काय फरक पडते भो."
कुवरने पेन मागितलं,
रकान्याबाहेर, समासात,
बारीक अक्षरात आपलं बेट लिहिलं
आणि खाली सही केली,
पंचनाम्यावर करतात तशी.

गुरुवारी टीव्हीवर नकाशा आला.
बेटाभोवती सहा लाल चौकोन, मध्ये बेट,
सोललेल्या शेंगदाण्याएवढं.
लढाई लागली का, पोरांनी विचारलं.
नाही, सराव, तो म्हणाला.
आणि पाना घेऊन परत मशीनखाली गेला.
बंदर बंद. आठवी पेटी कधी, कोण सांगणार.

बाकीच्यांना कळेना. मला कळलं.

उमाळ्याला आमचं दोन बिघे,
तिन्ही बाजूंनी नेहेत्याचं.
लग्नात भेटला की खांद्यावर हात टाकायचा,
आपलं रक्त एक, आजाच्या वेळी हे सगळं एकच शेत होतं.
आणि रात्री ट्रॅक्टर आणून उभा करायचा
बरोब्बर बांधाला लावून,
इंजिन चालू, दिवे आमच्या दारात.
पहाटेपर्यंत.
चाक कधी इकडे टाकलं नाही.
विचारलं तर, माझ्या शेतात माझा ट्रॅक्टर.
नांगरटीला मात्र दरसाल एक तास बांध कमी भरायचा.

माय त्या उजेडात शेंगा फोडत बसायची.
फुकटचा आहे, वाया कशाला घालवा, म्हणायची.
एक दाणा तोंडात टाकायची नाही.

हे मी कुवरला धाब्यावर सांगितलं,
अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी,
शेवभाजीची वाटी आमचं शेत, परात नेहेत्याची,
मध्ये मिरची आडवी.
त्याने मिरचीकडे बराच वेळ पाहिलं.
मग कोण जिंकलं?
कोर्टात आहे, म्हटलं. एकतीस वर्षं.
इतका हसला की धाब्यावरचं पोरगं पाणी घेऊन आलं.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन.
ती काहीतरी सांगत होती, भाजीच्या भावाचंच असेल,
सूर तोच असतो.
मध्येच तिकडून आभाळ फाटल्यासारखा आवाज गेला,
खूप वेळ गेला.
ती थांबली. आवाज सरला,
तिने तेच वाक्य पुढे चालू केलं.
कुवरने पोळीचा तुकडा हातात धरलेला होता,
तो तसाच.

रात्री म्हणाला, बांध दाखव.
माझ्या एम-ऐंशीवर मागे बसला, टोपी हातात.
शेतात वारा नव्हता, केळीची पानंसुद्धा लोंबलेली.
हद्दीचा दगड त्याने पायाने चाचपला,
वाकून माती उकरली, दगड खाली किती आहे ते बघितलं.
नेहेत्याचा थोरला जागा असावा.
बाप गेला, सवय राहिली.
दिवे लागले.
नवा ट्रॅक्टर आहे, पडद्यावर काटे फिरतात,
त्याच्या पोटातला खडा कुठून आला
हे नेहेत्याला ठाऊक नाही, मलाही नव्हतं
कुवरने सांगेपर्यंत.

मी नेहमीसारखी मान वळवली.
तो मात्र डोळ्यांवर हात धरून उभा राहिला,
ओठ हलत होते.
सहा, म्हणाला. दोन खाली, चार वर.
तिकडे रोज सकाळी मोजतात,
विमानं किती, जहाजं किती,
आकडा वाचतात, मग चहा.

एकतीस वर्षांत
मी दिवे मोजले नव्हते.